मानवंदना की पाहणी? : नाशिकमधील छात्रसंचलनाच्या परंपरेची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन समारंभात राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकाकडून प्रमुख पाहुण्यांना दिली जाणारी मानवंदना हा शैक्षणिक जीवनातील इतका परिचित विधी आहे की, अभ्यासविषय म्हणून त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रवेशद्वारापाशी दोन रांगांत ताठ उभे असलेले छात्रसैनिक, पाहुण्यांची मोटार थांबताच उमटणारी आज्ञा, रायफलींवर एकाच क्षणी पडणारे हात आणि त्यानंतर दीपप्रज्वलनाकडे होणारे प्रस्थान, एवढ्यात हा विधी आटोपतो. वार्षिक अहवालात त्याला एक वाक्य मिळते. त्या एका वाक्यात बहुधा पाहुण्यांचे नाव असते आणि ‘मानवंदना स्वीकारली’ हे क्रियापद असते.

या विधीविषयी जे काही बोलले जाते ते दोन टोकांचे असते. एक पक्ष त्यात शिस्त, राष्ट्रप्रेम आणि चारित्र्यघडण पाहतो. हा पक्ष संख्येने मोठा आहे आणि समारंभातील भाषणे प्रायः त्याचीच असतात. दुसऱ्या पक्षाला त्यात वसाहतकालीन थाटाचे अनुकरण आणि शिक्षणसंस्थेचे लष्करीकरण दिसते. दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे असले तरी विधीच्या प्रत्यक्ष रचनेकडे दोघांचेही लक्ष गेलेले नाही. कोण कोणासमोर उभा राहतो, कोण चालतो, कोण प्रथम बोलतो, कोण कोणास विचारतो या साध्या प्रश्नांपासून सुरुवात केली, तर मानवंदना हा मुळात सत्काराचा विधी नसून पाहणीचा विधी आहे हे ध्यानात येते. सत्कार हे त्याचे एक अंग आहे. दुसरे अंग जबाबदारीचे आहे आणि तेच महाविद्यालयीन व्यवहारात गळून पडले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी नाशिकची निवड करण्यामागे कारण आहे. संचलनाचे इतके भिन्न प्रवाह एकत्र आलेले दुसरे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. देवळालीची छावणी आणि तेथील तोफखाना प्रशाला, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, महाराष्ट्र पोलीस अकादमी, भोसला सैनिकी विद्यालय आणि जिल्हाभर पसरलेल्या महाविद्यालयांतील छात्रसेनेची पथके या सर्वांच्या कवायतीचा आवाज एकाच पंचक्रोशीत उमटतो. नाशिककराला ‘दाहिने देख’ ही आज्ञा ऐकण्यासाठी दूरदर्शनवरील प्रजासत्ताक दिनाची वाट पाहावी लागत नाही.

शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण विधीचे दोन अर्थ शब्दांतच वेगळे झालेले दिसतात. ‘सलामी’ हा शब्द अरबी ‘सलाम’पासून आला आहे. त्याच्या मुळाशी शांततेची, सुरक्षिततेची कल्पना आहे. शस्त्रधाऱ्याने समोरच्याला आपल्यापासून भय नाही असे सांगणे, हा सलामीचा गाभा होय. ‘सलामी शस्त्र’ या आज्ञेवर रायफल शरीरासमोर उभी धरली जाते, रोखली जात नाही. या कृतीचा अर्थही असाच सांगितला जातो. ‘मानवंदना’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळातील आहे. वंदन देवाला, गुरूला, मातापित्यांना केले जाते. त्यात वंदन करणारा लहान आणि वंदनीय मोठा हे आधीच ठरलेले असते. सलामी घेणाऱ्याने उलट सलाम करावा लागतो. वंदन घेणाऱ्याने उलट वंदन करावे अशी अपेक्षा नसते, फार तर आशीर्वाद द्यावा. मराठीने सलामीच्या जागी मानवंदना हा शब्द रूढ केला तेव्हा भाषाशुद्धी साधली असेल, परंतु परतफेडीचा अर्थ पुसट झाला.

‘कवायत’ या शब्दाची कथाही बोधक आहे. अरबीतील ‘कायदा’ या शब्दाचे अनेकवचन ‘कवायद’. मराठीत एकवचनाचा कायदा झाला आणि अनेकवचनाची कवायत झाली. म्हणजे कवायत करणे याचा मूळ अर्थ नियमांनी चालणे असा होतो, आणि नियम आज्ञा देणाऱ्यालाही लागू असतात. ‘छात्र’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती याहून अवघड आहे. गुरूचे दोष छत्राप्रमाणे झाकतो तो छात्र, असे व्याकरणपरंपरा सांगते. महाविद्यालयीन समारंभांतील छात्रसैनिकांकडून होणारे काम पाहता ही व्युत्पत्ती कधीकधी नको तितकी खरी वाटते.

आज्ञांच्या भाषेचा एक गमतीचा भाग येथेच नोंदवावा. छात्रसेनेच्या आज्ञा हिंदीत असल्या तरी त्यांतील ‘सावधान’ हा शब्द मराठी मुलाच्या कानावर मंगलाष्टकांतूनही पडलेला असतो. तो शब्द ऐकताच बोहल्यावरून निघालेल्या रामदासांनी नाशिकजवळील टाकळीस बारा वर्षे तप केले, अशी परंपरा आहे. या एका शब्दाने नाशिकात एकाला पळविले आणि हजारोंना जागच्या जागी उभे केले. त्याचा मूळ अर्थ मात्र उभे राहणे असा नाहीच. अवधानासह असणे, लक्ष जागे ठेवणे, असा आहे.

विधीची रचना

मानवंदनेचा क्रम थोडक्यात असा. पथक दोन किंवा तीन रांगांत उभे राहते. पाहुणे सलामी मंचावर येतात. पथकनायक ‘सलामी शस्त्र’ ही आज्ञा देतो, वाद्यवृंद असल्यास तो सलामीची धून वाजवितो, आणि मंचावरील व्यक्ती सावधान उभी राहून सलामीचा स्वीकार करते. यानंतर ‘बाजू शस्त्र’ होते. येथवरचा भाग सन्मानाचा आहे. त्यानंतर पथकनायक मंचाकडे कूच करतो, सलाम करतो आणि पथक निरीक्षणासाठी हजर असल्याचे निवेदन करतो. पाहुणे मंचावरून खाली उतरतात आणि नायकाच्या सोबतीने रांगांसमोरून चालत जातात. उभा असलेला सैनिक समोर पाहतो. चालणाऱ्याने प्रत्येकाकडे पाहावयाचे असते. पाहणी संपली की नायक पुन्हा सलाम करून परवानगी घेतो आणि विधी पूर्ण होतो.

या क्रमातील मध्यबिंदू म्हणजे मंचावरून खाली उतरणे. ज्याचा सन्मान झाला त्याला उंचावरून जमिनीवर यावे लागते, सन्मान करणाऱ्यांच्या पातळीवर चालावे लागते आणि त्यांचा गणवेश, त्यांचे शस्त्र, त्यांची प्रकृती, त्यांची सज्जता डोळ्यांखालून घालावी लागते. लष्करात याला प्रत्यक्ष अर्थ आहे. ज्या अधिकाऱ्याच्या शब्दावर ही माणसे उद्या मरणाच्या तोंडी जाणार आहेत, त्याने ती एकदा तरी जवळून पाहिली पाहिजेत. बुटाचा तळ झिजला असेल तर ते त्याला दिसले पाहिजे. मान घेणारा येथे ऋणको असतो. पाहणीचा भाग वगळून केवळ सलामी घेणारा पाहुणा हा अर्धा विधी करून निघून जातो, आणि महाविद्यालयांत वेळेअभावी नेमका हाच भाग आक्रसला जातो, किंवा घाईघाईने, छायाचित्रकाराकडे पाहत पार पडतो.

सन्मान व्यक्तीचा की पदाचा, या प्रश्नाचे उत्तरही लष्करी परंपरेत स्पष्ट आहे. पायदळाच्या पलटणींचे निशाण असते आणि त्या निशाणासमोर सेनापतीही सलाम करतो. तोफखान्याला वेगळे निशाण नसते. तेथे तोफ हीच निशाण मानली जाते आणि तोफेला निशाणाचाच मान दिला जातो. देवळालीच्या शेजारात राहणाऱ्या नाशिककरांना ही गोष्ट नवी नाही. माणूस बदलतो, तोफ तशीच उभी असते. छात्रसेनेचा सध्याचा तिरंगी ध्वज १९५४ सालचा आहे. त्यातील लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा. महाविद्यालयीन मानवंदनेत हा ध्वज कोठे असतो, किंवा असतो तरी का, हा प्रश्न एकदा विचारून पाहण्यासारखा आहे.

विद्यापीठ पथकांपासून छात्रसेनेपर्यंत

विद्यार्थ्यांना कवायत शिकविण्याची कल्पना भारतात राष्ट्रभावनेतून नव्हे, तर सैन्यातील तुटवड्यातून आली. पहिल्या महायुद्धात १९१७ च्या भारतीय संरक्षण कायद्याखाली विद्यापीठ पथके स्थापन झाली. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यानंतर त्यांचे रूपांतर विद्यापीठ प्रशिक्षण पथकांत झाले आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, विद्यापीठ अधिकारी प्रशिक्षण पथके अस्तित्वात आली. या मुलांनी सलामी द्यावयाची ती साम्राज्याच्या प्रतिनिधीला, हे गृहीतच होते.

विधी मात्र मालकाशी एकनिष्ठ राहत नाहीत. कलकत्ता विद्यापीठाच्या पथकात विद्यार्थिदशेत कवायत शिकलेले सुभाषचंद्र बोस १९२८ च्या कलकत्ता काँग्रेस अधिवेशनात गणवेशधारी स्वयंसेवक दलाचे सेनापती म्हणून उभे राहिले आणि व्हाइसरॉयसाठी घडविलेला तो थाट राष्ट्रसभेच्या अध्यक्षांच्या, मोतीलाल नेहरूंच्या स्वागताला वापरला गेला. गांधीजींना हा थाट रुचला नव्हता. अनुकरणाने अनुकरण करणाऱ्याचे रूप बदलते अशी त्यांची शंका असणार. बोस यांची श्रद्धा अशी की, शस्त्र तेच ठेवून त्याची दिशा बदलता येते. छात्रसंचलनाविषयीचा पुढचा सारा वाद या दोन भूमिकांच्या दरम्यान फिरत राहिला आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालावरून १९४८ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय छात्रसेना कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी १५ जुलै रोजी छात्रसेना कार्यान्वित झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये वायुशाखा आणि १९५२ मध्ये नौशाखा सुरू झाली. या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. छात्रसेनेचा सदस्य हा केवळ सदस्यत्वामुळे प्रत्यक्ष लष्करी सेवेस बांधील होत नाही. वसाहतकालीन पथकाचा जन्म सैन्याची भरती वाढविण्यासाठी झाला होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने विद्यार्थ्याला रायफल हाती देऊनही नागरिकच ठेवले. छात्रसैनिकाची सलामी ही म्हणून शिपायाची सलामी नसून गणवेशातील नागरिकाची सलामी आहे.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर, १९६३ पासून, महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली. ही सक्ती फार काळ टिकली नाही. त्या दशकाच्या अखेरीस ती ऐच्छिक करण्यात आली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचा दुसरा मार्ग विद्यार्थ्यांपुढे आला. सक्तीच्या काळात रांगा लांब होत्या आणि पावले बिघडत होती, असे त्या पिढीचे प्राध्यापक सांगत असत. ‘एकता आणि अनुशासन’ हे ब्रीद १९८० मध्ये स्वीकारण्यात आले. यातील अनुशासनाची उजळणी महाविद्यालयांत पुष्कळ होते.

नाशिक : तीन संचलने

नाशिकच्या अर्वाचीन इतिहासात शिस्तबद्ध संचलनाच्या तीन घटना एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. त्यांच्यात अठरा वर्षांचे अंतर आहे आणि तिघींत ‘मान’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

पहिली घटना २ मार्च १९३० ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे या लढ्याचे प्रमुख संघटक होते. हजारोंची मिरवणूक वाद्यांच्या तालावर, रांगांनी, लष्करी शिस्तीत मंदिराकडे गेली आणि तिच्यासमोर दरवाजे बंद झाले. या शिस्तीचा उगम शोधावयाचा तर तो महार पलटणींच्या परंपरेत सापडतो. ज्यांचे वाडवडील पलटणीत सुभेदार होते आणि ज्यांना पुढे ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताने भरतीच्या दारातून परत पाठविले गेले, त्या समाजाने कवायत आपल्याजवळ जपून ठेवली होती. समता सैनिक दलाची उभारणीही याच काळातली. महार रेजिमेंट प्रत्यक्षात आली ती १९४१ मध्ये. काळारामाच्या रस्त्यावरील ती रांग कोणाला मानवंदना देण्यासाठी निघाली नव्हती. ती मान मागण्यासाठी निघाली होती. नाशिकच्या संचलनपरंपरेचा विचार करताना या रांगेचा उल्लेख सहसा होत नाही. कवायत म्हणजे गणवेश आणि शस्त्र, ही समजूत त्याला कारणीभूत असावी. सत्याग्रह पाच वर्षे रेंगाळला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

दुसरी घटना भोसला सैनिकी विद्यालयाच्या स्थापनेची. नागपूरचे नेत्रविशारद आणि हिंदू महासभेचे नेते डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला विद्यालय सुरू झाले. मुंजे यांचा लष्करी शिक्षणाचा ध्यास जुना होता. बोअर युद्धात त्यांनी वैद्यकीय सेवा केली होती. भारतीय सैनिकी महाविद्यालयाची योजना आखणाऱ्या १९३१ च्या चेटवूड समितीचे ते सदस्य होते. भारतीयांना अधिकारपदाचे शिक्षण भारतात मिळावे, ही त्यांची मागणी सर्वपक्षीय होती आणि रास्तही होती. परंतु त्याच १९३१ च्या मार्चमध्ये, गोलमेज परिषदेहून परतताना, त्यांनी इटलीत मुसोलिनीची भेट घेतली आणि तेथील ‘बालिला’ या युवकसंघटनेच्या संस्था पाहिल्या. मार्झिया कासोलारी यांनी २००० साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात मुंजे यांच्या रोजनिशीच्या आधारे या भेटीची चर्चा केली, तेव्हा ती पुन्हा प्रकाशात आली.

या संस्थेचे मूल्यमापन करताना दोन्ही गोष्टी एकत्र सांगणे आवश्यक आहे. विद्यालयाने आठ दशकांहून अधिक काळ अनेक तरुणांना सैन्याच्या वाटेवर आणले. ‘रामदंडी’ म्हणून ओळखले जाणारे तेथील विद्यार्थी आणि ‘रामभूमी’ हा परिसर यांना नाशिकच्या सार्वजनिक जीवनात स्थान आहे. पण संस्थेच्या मूळ नावातच सैनिकी शिक्षण एका धर्मसमाजाशी जोडलेले होते. ज्या काळाराम मंदिराचे दरवाजे नुकतेच बंद राहिले होते त्याच शहरात रामाच्या नावाने दंडी उभे राहत होते, ही केवळ शब्दांची योगायोगाने पडलेली गाठ म्हणून सोडून देता येणार नाही. तेथे मान हा समाजाच्या सामर्थ्याचा होता, आणि समाज म्हणजे कोण, याचे उत्तर आधीच ठरलेले होते. मुसोलिनीच्या इटलीतील मुलांची सलामी एका माणसाला होती. त्या सलामीत पाहणीचा, म्हणजे सलामी घेणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा, भाग उरलेला नव्हता. मुंजे यांच्यासारख्या बुद्धिमान निरीक्षकाच्या नजरेतून हा भेद सुटला असे त्यांच्या लेखनावरून दिसते.

तिसरी घटना राष्ट्रीय छात्रसेनेची, आणि तिच्यात नाट्य काहीच नाही. मुंजे १९४८ च्या मार्चमध्ये निवर्तले. पुढच्याच महिन्यात छात्रसेनेचा कायदा झाला. नाशिकमधील पहिले महाविद्यालय, म्हणजे गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे मराठा विद्याप्रसारक समाजासारख्या संस्थांनी महाविद्यालयीन शिक्षण तालुक्यांपर्यंत नेले. या विस्ताराबरोबर छात्रसेनाही निफाड, सिन्नर, मालेगाव, कळवण अशा भागांतील मुलामुलींपर्यंत पोहोचली. तिच्यात प्रवेशासाठी जात, धर्म विचारला जात नाही. कुंझरू समितीचे हे श्रेय डोळ्यांत भरणारे नसले तरी मोठे आहे. काळारामाच्या रांगेने जे मागितले होते त्यातील एक छोटा अंश, म्हणजे एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचा हक्क, येथे कोणतीही घोषणा न होता मिळाला. उंचीप्रमाणे उभे करणे, ज्याला छात्रसैनिक ‘साइझिंग’ म्हणतात, हा या रांगेतील एकमेव उच्चनीचभाव. सर्वांत उंच दोन्ही टोकांना, सर्वांत ठेंगणे मध्ये.

महाविद्यालयाच्या प्रांगणात

असा इतिहास असलेला विधी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी येतो तेव्हा त्याचे काय होते? नॅकच्या तज्ज्ञ समितीच्या भेटीचे उदाहरण सर्व प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या समित्या महाविद्यालयांत येऊ लागल्यापासून त्यांच्या स्वागताचा एक ठराविक साचा तयार झाला: रांगोळी, फेटे, औक्षण, ढोलताशा किंवा लेझीम, आणि छात्रसेनेची मानवंदना. समिती पाहणीसाठीच आलेली असते. पथकनायक तिच्यासमोर जाऊन पथक निरीक्षणासाठी हजर असल्याचे निवेदन करतो. संपूर्ण भेटीत संस्थेकडून उघडपणे, मोठ्या आवाजात ‘आम्हाला तपासा’ असे म्हटले जाते ते या एकाच वेळी. आणि बहुतेक ठिकाणी समितीचे सदस्य त्या क्षणी हसतमुखाने हात जोडून पुढे जातात.

लेझीम आणि मानवंदना एकाच स्वागतात येतात, म्हणून त्यांतील भेद विसरला जातो. लेझीम हा खेळ आहे. पाहणाऱ्याने आनंद घ्यावा, टाळ्या द्याव्यात, एवढीच त्याची मागणी. नाशिकचा ढोल तर पाहुण्याकडे पाहतही नाही, तो स्वतःच्याच नादात रंगलेला असतो. मानवंदना पाहुण्याला मोकळे सोडत नाही. त्याने ताठ उभे राहिले पाहिजे, हालचाल थांबविली पाहिजे, भ्रमणध्वनी खिशात ठेवला पाहिजे. सलामी चालू असताना कोणाशी बोलत उभा राहिलेला पाहुणा हा विधीभंग करतो, आणि तो विधीभंग उन्हात तासभर आधीपासून उभ्या असलेल्या मुलांच्या नजरेतून सुटत नाही. सुमारे चार किलो वजनाची जुनी .३०३ रायफल सांभाळत सरावाचे दिवस काढलेल्यांना तो अधिक टोचतो. पाहुणे दोन तास उशिरा येणे हा आपल्या समारंभांचा नित्यक्रम. लष्करी परंपरेत वेळ पाळणे हे मान घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

येथे सहयोगी छात्रसेना अधिकाऱ्याची स्थिती विशेष विचारात घेण्याजोगी आहे. हा अधिकारी म्हणजे महाविद्यालयातीलच प्राध्यापक. कामठी किंवा ग्वाल्हेर येथील प्रशिक्षण पूर्ण करून त्याला अथवा तिला लेफ्टनंटपद मिळते. सोमवारी तो मराठी, रसायनशास्त्र किंवा वाणिज्य शिकवितो; कवायतीच्या दिवशी गणवेश चढवितो. विधीची मूळ रचना महाविद्यालयात ज्याला ठाऊक असते असा बहुधा तो एकटाच. पाहुण्यांना आधी चार ओळींची माहिती देणे, कोठे उभे राहावे, केव्हा उतरावे, रांगेसमोरून चालताना काय पाहावे हे सांगणे त्याच्या कक्षेत येते. परंतु संस्थेच्या उतरंडीत तो प्राचार्य, संस्थाचालक आणि पाहुणे या सर्वांच्या खाली असल्याने हे सांगण्याचा संकोच त्याला होतो. जे काम पलटणीतला सुभेदार आपल्या सेनाधिकाऱ्यापाशी निःसंकोचपणे करतो, ते प्राध्यापकाला आपल्या अध्यक्षांपाशी करता येत नाही. हा दोष व्यक्तींचा नसून उतरंडीचा आहे. मानवंदना स्वीकारण्यास योग्य कोण, याचा निर्णयही त्याच उतरंडीत होतो. देणगीदार, निवडणुकीतील उमेदवार, संचालकांचे आप्त या साऱ्यांपुढे ‘सलामी शस्त्र’ होऊ लागले की, सलामी पदाला आणि ध्वजाला असते हा धडा ज्याला शिकविला त्याच मुलाकडून तो मोडून घेतला जातो.

मुलींच्या सहभागाने या विधीत पडलेला फरक मात्र सुखावह आहे. एकाच महाविद्यालयात, एकाच सकाळी, एक विद्यार्थिनी नऊवारी नेसून औक्षणाचे तबक घेऊन उभी असते आणि दुसरी पथकनायक म्हणून आज्ञा देत असते. तबक घेतलेलीला एक शब्दही उच्चारावयाचा नसतो. नायिकेच्या आवाजावर तीस जण हलतात. २५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रपती भवनात अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना दिलेल्या तिन्ही दलांच्या मानवंदनेचे नेतृत्व विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी केले, तेव्हा ते एका स्त्रीने प्रथमच केले असे सर्वत्र छापून आले. महाविद्यालयांतील मुली हे काम त्याआधीपासून करीत होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ‘क’ प्रमाणपत्राच्या मागे लागलेल्या मुलींसाठी कवायतीचे मैदान आता केवळ पोलीस भरतीच्या तयारीचे राहिलेले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ पासून, छात्रसेना श्रेयांकित ऐच्छिक विषय म्हणून घेता येऊ लागली आहे. श्रेयांक आले म्हणजे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि गुणदान आले. अभ्यासमंडळांनी कवायतीच्या आज्ञा, नकाशावाचन आणि शस्त्राची माहिती यांची प्रकरणे पाडणे स्वाभाविक आहे. विधीचा अर्थ, कायद्यातील नागरिकत्वाची तरतूद, विद्यापीठ पथकांचा वसाहतकालीन उगम आणि १९३० चे काळाराम संचलन यांना त्यात एखादे प्रकरण मिळण्यास अडचण नसावी. इतिहास, राज्यशास्त्र आणि भाषा या विभागांना तेथे वाव आहे, आणि महाविद्यालयातील छात्रसेना अधिकारी अनेकदा याच विभागांतले असतात.

नोंदींचा प्रश्न

या परंपरेचा अभ्यास करू पाहणाऱ्यासमोर सर्वांत मोठी अडचण साधनांची आहे. महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके चाळली तर मानवंदनेची छायाचित्रे विपुल आढळतात. छायाचित्राच्या मध्यभागी पाहुणे असतात, त्यांच्या डाव्या हाताला प्राचार्य, आणि कडेला, बहुधा अर्धा कापला गेलेला, पथकनायक. मथळ्यात पाहुण्यांचे नाव पदांसह असते. पथकनायकाचे नाव क्वचितच असते. रांगेतील मुलांची नावे तर नसतातच. प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी दिल्लीला गेलेल्या छात्रसैनिकाचे स्वतंत्र छायाचित्र छापले जाते, कारण ते यश मानले जाते. घरच्या मैदानावर उभे राहणे यशात मोडत नाही.

पलटणींच्या नोंदवह्यांची पद्धत वेगळी आहे. मानवंदना कोणत्या दिवशी, कोणासाठी, कोणाच्या आज्ञेखाली, किती जणांनी, कोणत्या शस्त्रानिशी दिली याची नोंद तेथे ठेवली जाते. महाविद्यालयाच्या छात्रसेना कक्षात अशी एक वही ठेवण्यास खर्च नाही. तीत पाहुणे ठरल्या वेळेला आले की नाही आणि ते रांगांसमोरून चालत गेले की नाही, यासाठी आणखी दोन रकाने आखता येतील. ती भरण्याचे काम पथकनायकाकडे असावे आणि तिच्यावर स्वाक्षरी प्राचार्यांची असावी.